बेळगावात मुलांना शाळेत घालताय? आधी इयत्ता मोजा

उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी लागली, लष्करात बदली झाली, असं काहीबाही निमित्त होऊन कोल्हापूर-साताऱ्याकडची माणसं बेळगावात येत असतात. मीही तशीच आले आणि इथलीच झाले. नव्या माणसाला आधी भाड्याचं घर सुचतं, मग नळाला पाणी येण्याचा वार. शाळेची आठवण होते ती मे संपत आल्यावर. पण इथल्या शाळा मेअखेरीस नाहीतर १ जूनच्या आसपास उघडतात. तिकडच्यासारखी जूनच्या मध्यापर्यंत सवड नसते.

घर ठरवताना हेही बघा की ते शिक्षण खात्याच्या कुठल्या जिल्ह्यात येतं. महसुली जिल्हा एकच, पण शैक्षणिक जिल्हे दोन: बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणीत राहिलात तर वरचं ऑफिस चिक्कोडीला, खानापुरात राहिलात तर बेळगावला. शहर आणि ग्रामीण यांचे गटशिक्षणाधिकारीही वेगळे. चुकीच्या दारात अर्ज दिला की पुढचा आठवडा हेलपाट्यात जातो.

शहरात सरकारी मराठी शाळा अजून आहेत, जुनी माणसं त्यांना नंबरानंच ओळखतात. त्याशिवाय मराठी संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. इमारतीच्या रंगावर जाऊ नका. हेडमास्तरांना सरळ विचारा: कायम शिक्षक किती, अतिथी शिक्षक किती, गणिताला कोण? जमलं तर शाळा सुधारणा समितीतल्या एखाद्या पालकाला गाठा, खरं काय ते तिथंच कळतं. पुस्तकं, गणवेश, दूध, दुपारचं जेवण हे सरकारी शाळेत मिळतं. पुस्तकं कर्नाटकची असतात, त्यामुळे पुतण्याची बालभारतीची पुस्तकं बांधून आणू नका.

आता कन्नड. २०१५ च्या कायद्यानं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, शाळा कुठल्याही माध्यमाची असो. पहिली-दुसरीतलं पोर गल्लीत खेळता खेळता ती उचलतं. सातवीत आलेल्याचे मात्र हाल होतात, कारण वर्गातली बाकीची मुलं जोडाक्षरं गिरवून कधीच पुढे गेलेली असतात. उन्हाळ्यातच शिकवणी लावा. आणि तुम्हीही अक्षरं ओळखायला शिका. खात्याचा कागद बहुतेक वेळा कन्नडमध्येच येतो, दर वेळी शेजारच्या काकूंना हाक मारणं बरं दिसत नाही.

सगळ्यात मोठा हिशेब पुढचा आहे. कर्नाटकच्या सीईटीतून सरकारी कोट्यात इंजिनिअरिंगला जायचं, तर पहिली ते बारावीत निदान ७ पूर्ण वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथून पास. सहावीत आलेलं मूल बारावीपर्यंत बरोबर काठावर बसतं, सातवीत आलेलं एका वर्षानं चुकतं. लष्करातल्यांना वेगळी कलमं आहेत, ती वाचून घ्या. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशातही तरतूद आहे, पण तिला इथला अधिवास लागतो. म्हणजे काल आलेल्याचं काम तिनं होत नाही. मूल आठवी-नववीत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दहावी तिकडेच आजोळी राहून होऊ दे.

इथं राहिलंच, तर एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेला, मराठी पहिली भाषा घेता येते. तो पेपर १२५ गुणांचा, बाकीचे पाच विषय शंभराचे, एकूण ६२५. टक्के काढताना नातेवाईक गोंधळतात, सवय करून घ्या.

खासगी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्क्यांत जागा मिळेल या भरवशावरही राहू नका. २०१९ पासून जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगीत तो कोटा लागू होत नाही, आणि शहरात अशी शाळा जवळ असतेच.

मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, दिवाळीला चारच दिवस. गावाकडच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दरवर्षी रुसवे.

निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी करूनच बॅगेत टाका. एका सहीसाठी परत जाणं जिवावर येतं. जात-उत्पन्नाचे इथले दाखले नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात निघतात, पण मे-जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते.