मुंबईतील निवृत्ती : आधी घराचा हिशेब, मग पैशांचा

मुंबईत निवृत्त होणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाची बहुतेक मालमत्ता तो राहतो त्या घरातच अडकलेली असते. मुलुंड, दहिसर किंवा चेंबूरमधील जुन्या सोसायटीतले साडेचारशे चौरस फुटांचे घर आज दीड-पावणेदोन कोटींचे ठरते, आणि त्याच घरातल्या जोडप्याला दरमहा साठ हजार रुपये कुठून आणायचे याची चिंता असते. असे असूनही निवृत्तीचा सल्ला देणारे ‘इतक्या कोटींचा निधी हवा’ एवढे सांगून मोकळे होतात आणि घराला हिशेबाबाहेर ठेवतात. बँकेतील नोकरीत आणि पुढे सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर असताना मी अनेक सहकाऱ्यांची आणि नातेवाइकांची ही आखणी करून दिली आहे, आणि माझे ठाम मत असे की घराचा निर्णय झाल्याशिवाय पैशांची आखणी करणे व्यर्थ आहे. म्हणून पुढील क्रम तसाच ठेवला आहे.

१. खर्च लिहून काढा

मागील बारा महिन्यांचे पासबुक घेऊन बसा आणि प्रत्यक्ष झालेला खर्च काढा. अंदाज लिहू नका. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आजचे साठ हजार बारा वर्षांनी सुमारे १ लाख २० हजार होतात, आणि साठीच्या जोडप्याने निदान पंचवीस वर्षांचा विचार करायला हवा.

२. घराचे काय करायचे ते ठरवा

पर्याय साधारण तीन असतात : आहे तसे राहणे, पुनर्विकासात जाणे, किंवा घर विकून बाहेर पडणे. ‘उलटे तारण’ म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज हा चौथा पर्याय २००७-०८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. साठी ओलांडलेल्या घरमालकाला बँक दरमहा पैसे देते, ते करपात्र उत्पन्न धरले जात नाही, आणि पती-पत्नी हयात असेपर्यंत घर सोडावे लागत नाही. ज्यांच्या मागे घराचा वारस नाही त्यांनी याची चौकशी जरूर करावी. मात्र इमारतीचे उरलेले आयुष्य निदान वीस वर्षांचे असावे लागते, त्यामुळे जुन्या इमारतींचा प्रश्न तिथेच अडतो.

आहे तसे राहणे स्वस्त पडते, पण तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत सत्तरीनंतर माणसाला घरात कोंडून टाकते. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि आजच जिना चढताना मध्ये थांबावे लागत असेल, तर हा पर्याय तुमच्यासाठी संपला असे समजा.

माझी स्वतःची सर्वांत जास्त ओढाताण पुनर्विकासाच्या टप्प्यावर झाली, आणि सल्लेही इथेच सर्वांत वाईट मिळतात. सभेत सगळ्यांचे लक्ष ‘किती टक्के जागा वाढवून मिळणार’ या एकाच आकड्यावर असते. नोकरीत असलेल्या चाळिशीच्या सभासदासाठी तो आकडा महत्त्वाचा असेलही. निवृत्त सभासदासाठी मात्र तीन वेगळे आकडे महत्त्वाचे असतात : बाहेर काढावी लागणारी वर्षे, नव्या इमारतीचे मासिक देखभाल बिल, आणि हातात मिळणारा कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून सभासदाला मिळणारी एकरकमी रोख रक्कम.

पहिल्यांदा बिलाचे पाहू, कारण ते शेवटपर्यंत भरायचे आहे. जुन्या इमारतीचे बिल तीन-साडेतीन हजारांचे असते. त्यात सेवा शुल्क, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) आणि दुरुस्ती निधी एवढ्याच ओळी असतात. नव्या वीस मजली इमारतीच्या बिलात दोन-तीन लिफ्टचे वार्षिक देखभाल करार, अग्निशमन यंत्रणा, जनरेटरचे डिझेल, यांत्रिक पार्किंग, तीन पाळ्यांतील सुरक्षारक्षक आणि कोणी वापरो न वापरो, व्यायामशाळा यांची भर पडते, आणि तेच बिल बारा ते पंधरा हजारांवर जाते. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या निदान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी निदान ०.७५ टक्के दरवर्षी घ्यायचा असतो. तुमच्या नव्या घराचा बांधकाम खर्च ३० लाख धरला, तर केवळ या दोन निधींचे वर्षाला ३० हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये होतात. मालमत्ता कराचेही तसेच आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून हा कर माफ आहे. साडेचारशेचे घर सहाशेचे झाले की ती माफी जाते, आणि जागा वाढल्याच्या आनंदात ही गोष्ट सभेत कोणी उच्चारत नाही.

यावरून माझा आग्रह असा : निवृत्त सभासदाने वाढीव जागेपेक्षा कॉर्पससाठी भांडावे. बिल दरमहा दहा हजारांनी वाढणार असेल तर वर्षाला १ लाख २० हजार लागतील, आणि ७ टक्के व्याजाने तेवढे मिळवायला सुमारे १७ लाख रुपये ठेवीत असावे लागतील. कॉर्पस याच्या आसपास असेल तर नवे घर तुम्हाला परवडते. निम्माही नसेल तर उरलेला खर्च तुमच्या भविष्यनिर्वाह निधीतून जाणार हे समजून मतदान करा. कॉर्पस हाती आला की त्यातून नव्या घरात मॉड्यूलर स्वयंपाकघर आणि फॉल्स सीलिंग करणारे मी कितीतरी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका. त्याचप्रमाणे बिल्डरकडून स्वतःचे पैसे घालून जास्तीचे शंभर-दीडशे चौरस फूट विकत घेऊ नका. ‘गुंतवणूक आहे’ असे मुलगा म्हणत असेल तर ते पैसे त्याने घालावेत.

आता बाहेर काढायच्या वर्षांविषयी. करारात तीन वर्षे लिहिलेली असली तरी पाच धरून चाला. अडुसष्टाव्या वर्षी घर सोडणारा माणूस त्र्याहत्तराव्या वर्षी परत येणार, आणि मधल्या काळात अकरा महिन्यांच्या करारावरची भाड्याची घरे बदलत राहणार, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच बोलणी करावीत. करारात चार गोष्टी नसतील तर सही करू नका. बिल्डरने द्यायचे भाडे ठरावीक महिन्यांपुरते न राहता भोगवटा प्रमाणपत्रासह (इमारत राहण्यायोग्य झाल्याच्या महापालिकेच्या दाखल्यासह) ताबा मिळेपर्यंत सुरू राहिले पाहिजे. त्यात दरवर्षी वाढ हवी. दर वेळी नवे घर शोधण्याची दलाली आणि दोन्ही वेळच्या सामान हलवण्याचा खर्च वेगळा हवा. आणि पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ घेऊन पुढचे धनादेश चाव्या देण्याआधी हातात पडायला हवेत. शिवाय तुमच्या नावाचा स्वतंत्र कायमस्वरूपी पर्यायी निवासाचा करार नोंदणीकृत झाल्याशिवाय आणि इमारतीच्या आवश्यक परवानग्या आल्याशिवाय घराची चावी देऊ नका, मग समितीवरचे मित्र कितीही घाई करोत.

सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासन निर्णयात सभेला निबंधकांचा प्रतिनिधी, चित्रीकरण, एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती आणि बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी या तरतुदी आहेत. बँक हमीच्या तरतुदीवर पाणी सोडायला सोसायट्या फार लवकर तयार होतात, आणि ही माझी सर्वांत कडक सूचना आहे : ती सोडू देऊ नका. नव्या खरेदीदाराला महारेराकडून, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडून, जे संरक्षण मिळते ते जुन्या सभासदाला त्याच स्वरूपात मिळत नाही. काम बंद पडले तर तुमच्यामागे उभा राहतो तो करार आणि ती हमी. एवढे करूनही बारा ते अठरा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत बाजूला ठेवा. बिल्डरचे भाडे थांबले तर घरमालक थांबत नाही.

घर विकून बाहेर पडण्याचा विचार असेल तर हिशेब पूर्ण करा. समजा १ कोटी ६० लाखांना घर विकले आणि तळेगाव, बदलापूर किंवा नाशिकला ७० लाखांचे घेतले. वरवर ९० लाख उरतात. त्यातून नव्या घराचे मुद्रांक शुल्क, दोन्हीकडची दलाली आणि घर लावण्याचा खर्च गेला की हाती अंदाजे पंचाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर लाख राहतात, आणि भांडवली नफ्याचा कर त्यानंतरचा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के यांपैकी कमी भरेल तो कर लागतो. २००१ च्या आधीचे घर असेल तर १ एप्रिल २००१ चे वाजवी मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. नफ्यातला नव्या घरात घातलेला भाग करमुक्त राहतो, आणि विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत भांडवली नफा रोख्यांत टाकता येतात. ते पैसे पाच वर्षे अडकतात आणि व्याजही बेताचेच मिळते. दोन्ही पद्धतींचा हिशेब विक्रीचा करार करण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून करून घ्यावा.

त्यातही गावी जाऊन राहण्याच्या विचाराने घर विकणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे : आधी अकरा महिने तिथे भाड्याने राहा, आणि त्यात जून ते सप्टेंबर येऊ द्या. कोकणातला गणपतीतला आठवडा म्हणजे कोकणातला पावसाळा नव्हे. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर हृदयविकाराचा डॉक्टर किती अंतरावर आहे, तीन दिवस वीज नसेल तर पाणी कसे चढते, किराणा आणायला रिक्षा मिळते का, हे त्याच काळात कळते. त्या अकरा महिन्यांत मुंबईचे घर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सने देता येते. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक बिनभोगवटा शुल्क लावू शकत नाही. तिथे मन रमले तर मग विका. मुंबईचे घर एकदा विकल्यावर पुन्हा घेणे निवृत्त माणसाला जवळजवळ अशक्य असते.

ज्येष्ठांसाठीच्या खास संकुलात घर घेत असाल तर महारेराने २०२४ मध्ये अशा गृहप्रकल्पांसाठी काढलेली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे वाचून जा, आणि व्हीलचेअर जाईल एवढी दारे, न घसरणारी फरशी, न्हाणीघरातील आधारदांड्या आणि लिफ्ट या गोष्टी माहितीपत्रकावर न विसंबता प्रत्यक्ष पाहा.

३. उरलेला पैसा लावा

घराचा निर्णय झाला की हा टप्पा सोपा आहे. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात आणि छोट्या मुदत ठेवींत ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के दराने पती-पत्नी दोघांचे ६० लाख वर्षाला ४ लाख ९२ हजार, म्हणजे महिन्याला ४१ हजार रुपये देतात. व्याज तिमाहीला येते आणि मुदत पाच वर्षांची असून ती पुढे आणखी तीन वर्षांसाठी वाढवता येते. गुंतवण्याच्या दिवशीचा दर मुदतभर कायम राहतो, मात्र नव्या खात्यांचा दर सरकार तिमाहीला ठरवते. यानंतरची गरज टपाल खात्याच्या मासिक प्राप्ती योजनेने भागते. पुढची सात-आठ वर्षे हात लावायचा नाही अशी रक्कम समभाग म्युच्युअल फंडांत ठेवा. महागाईला तोंड देणारा भाग तोच.

एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत निवृत्तीची रक्कम ठेवू नका. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला तेही नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या रांगांत कितीतरी निवृत्त माणसे उभी होती.

मुलाच्या फ्लॅटचे डाउन पेमेंट भविष्यनिर्वाह निधीतून देण्याची आपल्याकडे जवळजवळ रीतच पडली आहे. वरचा सगळा हिशेब मांडून झाल्यावर खरोखर उरत असेल तरच द्या. मुलाला वीस वर्षांचे गृहकर्ज मिळते. घराचे उलटे तारण सोडले तर तुम्हाला म्हातारपणासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही.

४. आजारपण

कंपनीचा गटविमा निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी निवृत्तीच्या निदान तीन वर्षे आधी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ त्यात सरतो. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण मिळते. कार्ड काढून ठेवा, पण जवळचे रुग्णालय त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

५. कागद

सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) पती-पत्नी दोघांची नावे आहेत का ते तपासा आणि सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज भरून पोच घ्या. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने घर सांभाळते. म्हणून मृत्युपत्र हवेच, आणि पुनर्विकासात घर सोडण्याआधी हवे, कारण मधल्या काळात एकजण गेला तर नव्या घराचा ताबा कोणाला द्यायचा यावर सगळे अडते. हयातीत घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करू नका. कौटुंबिक कारणाने करावेच लागले तर सांभाळाची अट त्यातच स्पष्ट लिहा, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेताना अधिकारी प्रथम तीच अट शोधतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते लाभार्थी नसावेत, तुमच्याहून वयाने लहान असावेत, आणि त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडलेले असावे.