बायबल वाचता पण मंडळीत (चर्चमध्ये) जात नाही? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत आपली बरीच ख्रिस्ती कुटुंबं नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली, गावाकडे चर्च घराजवळ असायचं, इथे राहायचं ऐरोलीत आणि चर्च ठाण्यात, त्यात रविवारी मेगाब्लॉक, मग हळूहळू भक्ती मोबाईलवरच सुरू होते. आजारी माणसाला, नाइट शिफ्टवाल्याला त्याचा मोठा आधार आहे. पण तब्येत ठणठणीत असताना महिनोन्महिने तेवढ्यावरच भागवू नका. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात, 10:25 मध्ये, एकत्र जमणं सोडू नका असं सांगितलंय आणि आधीच्याच वचनात कारण दिलंय, एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन द्यायचं. तुमचा उतरलेला चेहरा मोबाईलवरून कोणाला दिसणार?

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेलं एकच वचन धरून बसणं. यिर्मया 29:11 घ्या, तुम्हाला आशा आणि चांगलं भविष्य द्यायची माझी योजना आहे असं देव म्हणतो ते, फुलांच्या फोटोवर रोज कुठल्यातरी ग्रुपवर असतंच. आता लगेच सगळं चांगलं होणार असं समजून लोक वाट बघतात आणि नाही झालं की विश्वास डळमळतो. अहो, एक वचन मागे जा ना, तिथे सत्तर वर्षं लिहिलीयत! ते बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे, त्यात आधी सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. गाव सोडून आलेल्या आपल्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि फोटोत नेमकी तीच येत नाही. म्हणून अख्खा अध्याय वाचा, अडलं तर पाळकसाहेबांना बिनधास्त विचारा.

उलटी चूकही होते. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, दोन गाणी, घाईत प्रार्थना आणि मग चहा-भजी, स्थळांच्या गप्पा, बायबल पिशवीतच. गप्पा हव्यातच, पण प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या मंडळीबद्दल सांगताना सहभागितेच्याही आधी प्रेषितांचं शिक्षण येतं. प्रेषित पौलाची पत्रंसुद्धा मंडळीत वाचून दाखवायला होती, कलस्सै 4:16 मध्ये तो हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा म्हणतो.

मग मीटिंगला एकाने मोठ्याने वाचायचं, इंग्लिश मीडियमच्या पोरांनी तेच इंग्लिश बायबलमधून वाचायचं, आणि प्रत्येकाने काय समजलं ते एका वाक्यात बोलायचं, आजीनेही, आणि नव्याने राहायला आलेल्यांनीही.