ठळक दिसला म्हणून ध्रुव? आकाश बघताना या चुका टाळा

"उत्तरेला सगळ्यात ठळक तो ध्रुव." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. तेजस्वीपणात ध्रुवाचा नंबर पहिल्या ४० ताऱ्यांतही लागत नाही. त्याला अढळपद मिळालं ते न हलण्याबद्दल, झगमगण्याबद्दल नाही.

एका नोव्हेंबरात आम्ही पाचसहा जण नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर बसलो होतो. त्यातल्या एका पोराला ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या गोल रेषांचा फोटो हवा होता. कॅमेरा नवाकोरा, ट्रायपॉड महागडा आणि घाई त्याहून मोठी. त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, म्हणून पठ्ठ्याने ईशान्येचा चमकदार ठिपकाच ध्रुव म्हणून धरला. म्हटलं, "अरे, जरा थांब." तर म्हणतो, "सर, दोन तास लागतात, थांबायचं कुठे?" तो ठिपका म्हणजे ब्रह्महृदय हा तारा होता. दोन तासांत तो २० अंश वर चढला. फोटोत गोल रेषा कुठल्या, वळवाच्या पावसासारख्या तिरक्या धारा! कुडकुडलो मात्र सगळेच.

माझी सवय सांगतो. आधी मूठ, मग ॲप. (गाडीच्या बॉनेटवर मोबाइल ठेवून उत्तर शोधणारेही पाहिलेत. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं, बाबांनो.) हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश, आणि नाशिकचा २०. म्हणजे क्षितिजापासून दोन मुठी. पंचवटीतून बघत असाल तर रामशेज किल्ल्याच्या अंगाला. कन्याकुमारीला एक मूठही भरत नाही, श्रीनगरला जवळपास साडेतीन लागतात. उन्हाळ्यात सप्तर्षीतल्या चौकोनाच्या टोकाचे दोन तारे, पुलह ते क्रतू, ही रेघ पाच पट पुढे ओढा. दिवाळीनंतर शर्मिष्ठा या तारकासमूहाचा 'एम' शोधा, ध्रुव तिच्या खाली असतो.

मध्यरात्री शुक्र पाहिला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जातच नाही. बहुधा गुरू असतो.

क्षितिजाजवळ लाल, हिरवं, निळं लुकलुकतंय ते ड्रोन नव्हे, व्याधाचा तारा. रंग हवेचे खेळ.

डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. व्हॉट्सॲप बघायचंच असेल तर गाडीत जाऊन बसा.

आणि कोजागिरीला "तारे दाखवा" म्हणून फोन करू नका. त्या रात्री आटवलेलं दूध प्यावं, चांदण्यात कृत्तिकांच्या पुंजक्यातले तारेसुद्धा धड मोजता येत नाहीत.