मित्रासोबत मॅरेथॉन आणि संस्थेसाठी निधी : या चुका टाळा

मुंबईची फुल मॅरेथॉन धावायचं आम्ही दोघांनी ठरवलं ते नाशिकात, मिसळीच्या टेबलावर. पाव संपायच्या आत मित्राचं स्टेटस पडलं : ‘४२ किलोमीटर धावतोय, एका वसतिगृहासाठी १ लाख जमवतोय.’ वसतिगृहाला विचारायचं अजून बाकी होतं. पुढच्या चार महिन्यांतले निम्मे घोळ त्या स्टेटसमधूनच निघाले.

पैसे स्वतःच्या खात्यात घेणं

ही सगळ्यात महागडी चूक. मित्राने स्वतःचा क्यूआर कोड फिरवला. पैसे आले, पण किराणा, पेट्रोल आणि गाडीच्या हप्त्यात मिसळून गेले. शेवटी वहीतले १५०० रुपये कोणाचे, ते काही केल्या कळेना. त्यात मार्चमध्ये लोक ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती मागायला लागले. रक्कम मित्राच्या खात्यातून गेलेली, म्हणजे कागदावर देणगीदार तोच. त्यांना पावती कशी मिळणार?

तेव्हा पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेची करसवलतीची मान्यता चालू आहे का आणि देणगीदाराला आयकरासाठी देणगीचं प्रमाणपत्र मिळेल का, हे आधी विचारा; देणगीदाराचा पॅन घेऊन ठेवा. २००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. नव्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही, म्हणून ‘टॅक्स वाचेल’ हे आमिष कोणाला दाखवू नका. अमेरिकेतला मावसभाऊ भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचे पैसे घेता येत नाहीत.

प्रवेश फी, बूट आणि मुंबईचं भाडं आपल्या खिशातून, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. आमच्या एका काकांनी लग्नात चारचौघांसमोर विचारलं, “हे बूट आमच्याच पैशांतले का रे?”

आणि ग्रुपवर एकदा मेसेज टाकून वाट बघत बसू नका. आमच्या मेसेजला १७ अंगठे आले, पैसे आले दोघांचे. बाकीची रक्कम फोन करून जमली.

जोरात धावणाऱ्याच्या पेसने दोघांनी धावणं

तो किलोमीटरला ६ मिनिटं, मी सव्वासात. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत मी महिनाभर त्याच्या मागे धापा टाकत गेलो, कारण ‘सोबत धावायचं’ ठरलेलं. पाचव्या आठवड्यात नडगी धरली.

ओळखायची खूण सोपी आहे : धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर तो पेस तुमचा नाही. रविवारचा लाँग रन हळू धावणाऱ्याच्या वेगाने करा. जोराचा सराव ज्याने त्याने गोल्फ क्लब मैदानावर वेगळा करावा. नडगी लांब पट्ट्यात ठणकत असेल तर विश्रांती घ्या आणि किलोमीटर कमी करा. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर मात्र धावणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. तिथे बारीक तडा असू शकतो.

किलोमीटरही हळूहळूच वाढवा. सावरपाड्याची कविता राऊत याच जिल्ह्यातून रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनपर्यंत पोचली, पण ती लहानपणापासून डोंगरात धावलेली. आपण खुर्चीतून उठलोय.

नाशिकच्या थंडीवर भरवसा

डिसेंबरच्या पहाटे इथे हवा कोरडी आणि गार. घड्याळ असा काही वेग दाखवतं की माणूस हुरळून जातो. जानेवारीतल्या मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं आणि तोच वेग विसाव्या किलोमीटरला अंगावर येतो. म्हणून काही लाँग रन मुद्दाम ऊन चढल्यावर सुरू करा आणि मुंबईत किलोमीटरमागे १५-२० सेकंद जास्त धरा. चढासाठी त्र्यंबक रोड आहेच. मुंबईतला पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, तिसावा किलोमीटर उलटल्यावर येतो.

मॅरेथॉनच्या वाटेवर मी पाण्याच्या दर टेबलावर नुसतं पाणी ढोसलं आणि पोट डचमळायला लागलं. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, ते धोक्याचं. तहानेप्रमाणे प्या, मध्ये इलेक्ट्रॉल घ्या. साधारण तिसाव्या किलोमीटरला शरीरातली साखर संपत येते, त्यामुळे पाऊण तासापासूनच थोडं थोडं खात राहा. महागडं जेल पचलं नाही, तर आपल्याकडचे मनुके चांगले. पण जे खायचं ते सरावात खाऊन बघितलेलं हवं. बुटांचंही तेच, नवे बूट त्या दिवशी नकोत.

एकाचं अडलं तर काय, हे न ठरवणं

चौतिसाव्या किलोमीटरला मित्राच्या पोटरीत पेटके आले. तो म्हणे “तू जा”, मी म्हणे “नाही”, आणि भर रस्त्यात आमचं भांडण. स्वयंसेवक स्प्रे घेऊन ताटकळत उभा. हे आधीच ठरवायला हवं होतं : साधे पेटके असतील तर दुसऱ्याने पुढे जायचं, चक्कर, छातीत दुखणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर दोघांनी थांबून वैद्यकीय मदत बोलवायची. देणगीदारांनाही आधीच सांगा की पैसे वसतिगृहाला आहेत, आमच्या पदकाला नाहीत.

मी पुढे गेलो. तो चालत चालत ५० मिनिटांनी आला आणि पहिला प्रश्न विचारला, “त्या १५०० चं काही कळलं का?”