मोटरसायकलच्या ग्रिप बदलताना काय पाहिलं

जुन्या ग्रिपचं रबर चिकट झालं होतं आणि डावी ग्रिप हँडलवर गोल फिरत होती. नवीन घ्यायच्या म्हणजे रंग-डिझाइन आधी दिसतं, पण मी पहिल्यांदा हँडलचा व्यास मोजला. बऱ्याच गाड्यांना २२ मिमी असतो, काही क्रूझरना २५.४. उजव्या ग्रिपचं भोक डावीपेक्षा मोठं असतं, कारण ती थ्रॉटलच्या, म्हणजे रेस द्यायला फिरवतो त्या प्लास्टिक नळीवर बसते. म्हणून जोडी नीट पाहूनच घ्यावी.

फोमची ग्रिप हाताला मऊ लागते, पण पावसात पाणी धरते आणि लवकर फाटते. जेलवाली आरामदायक, पण जाड. लहान हाताला ती पकडून क्लच ओढायचा म्हणजे बोटं दुखतात. मी मध्यम मऊ रबराची, बारीक खाचांची घेतली. हाताच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

जुनी ग्रिप ब्लेडने कापून काढली. उजवीकडे मात्र जपून, नळीला चीर जाता कामा नये. हँडल स्पिरिटने पुसलं, ग्रिपचा गोंद लावला, झटक्यात सरकवली आणि रात्रभर हात लावला नाही. तेल किंवा ग्रीस लावून ग्रिप कधीच चढवू नका, चालत्या गाडीवर ती हातात निघून येईल.

शेवटी बार-एंड वजन (हँडलच्या टोकाला बसवतात ते) आणि उजवी ग्रिप यांच्यामध्ये थोडी फट ठेवली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून थ्रॉटल सोडला, की तो आपोआप झटकन मागे यायलाच हवा. अडकला तर गाडी रस्त्यावर काढू नका.