रेस्क्यू (सोडवून आणलेला) ससा फोस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, घरी आणताय? मग हे वाचा

पहिले दोन-तीन दिवस त्याला अज्जिबात उचलू नका. नवीन जागा, नवीन वास, त्यात वरून हात आला की त्याला वाटतं शिकारीच आला, म्हणून आपण जमिनीवर बसायचं, फोन बघत बसलात तरी चालेल, तो स्वतःहून येऊन हुंगतो. कान धरून तर कधीच उचलायचं नाही!!

पिंजरा नको, प्लेपेन (जाळीचं मोकळं कुंपण) लावा, लपायला खोका द्या. खायला मुख्य म्हणजे सुकं गवत, २४ तास समोर हवं, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि पोटही सतत चालू राहावं लागतं. गाजर म्हणजे त्याची मिठाई, फार देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रोज लेंड्या बघायच्या. हसू नका, तब्येत तिथेच कळते. १०-१२ तास खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या तर सकाळची वाट न बघता सरळ डॉक्टर, तेही सशांची माहिती असलेला. आंघोळ घालू नका, भीतीने तो शॉकमध्ये जाऊ शकतो.

घरात आधीचा ससा असेल तर दोघांना वेगळं ठेवा. आणि मादी असेल तर पहिला महिनाभर लक्ष ठेवा, ती गाभण असू शकते, ३१ दिवसांत पिल्लं होतात.