समाजकार्याची पदवी घेऊन गावी आलात? आधी एका बाईचा सातबारा काढा

एमएसडब्ल्यू करून बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले, तेव्हा माझ्याकडे ४२ प्रश्नांची प्रश्नावली होती. विषय एकल महिला, प्रती दोनशे. गल्लीतल्या एका म्हातारीने तिसऱ्याच प्रश्नाला मला थांबवलं. "का गं, हे भरल्यावर काय मिळतंय?" मला उत्तर देता आलं नाही. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर आमची आई अजून दुधाचा हिशेब लिहिते.

म्हणून समाजशास्त्र, समाजकार्य, राज्यशास्त्र शिकून "गावासाठी काहीतरी करायचंय" म्हणणाऱ्या पोरापोरींना मी सांगते, सर्वेक्षण पुढच्या वर्षी करा. आधी एका बाईचा एक कागद तडीस न्या. माझा पहिला कागद वारस नोंदीचा, म्हणजे वारलेल्या माणसाच्या जागी सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा होता, तेव्हा तोच कसा करायचा ते सांगते.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करा. आमच्याकडची अर्धी घरं ऊसतोडीला जातात. माणूस फडावर दगावला तर मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, आपल्या ग्रामपंचायतीत नाही. मी ज्या मावशीसोबत काम केलं तिचा नवरा दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात गेला होता. आम्ही तीन महिने आपल्याच ग्रामसेवकाच्या मागे लागलो. चूक माझी, कायदा वाचलेला होता पण डोक्यात बसला नव्हता. शेवटी तिकडे गेलो तर रजिस्टरात नाव 'बापू'. मुकादमाने, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याने, घाईत टोपणनाव सांगितलेलं, आणि सातबाऱ्यावर भलतंच. अशी दुरुस्ती तिथला जन्म-मृत्यू निबंधक करून देतो. त्यासाठी दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत याचे पुरावे आणि माहितगार माणसांचं लेखी म्हणणं लागतं. मुळात नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. त्याला वेळ लागतो, हे बाईला पहिल्याच दिवशी सांगा.

दाखल्याची धावपळ चालू असतानाच वंशावळ काढून घ्या. कॉलेजात शिकलेलं रोज कामाला येणारं एवढंच. वर्गात आपण पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल काढायचो. ओट्यावर मी वही काढली की बायका गप्प होतात, म्हणून मी धान्य घेते. तुरीचा दाणा म्हणजे पुरुष, जोंधळ्याचा दाणा म्हणजे बाई, वारलेला माणूस असेल तर दाणा आडवा सरकवायचा. मावशीने सासू-सासऱ्यांपासून मांडायला घेतलं. तीन तुरी भराभर पडल्या. मग हात थांबला. "नणंदा धराव्या का?" धरायच्या. पुढे तिने स्वतःच्या मुलांचे दाणे ठेवले आणि मूठ मिटली. स्वतःचा दाणा ठेवलाच नव्हता. मी काही बोलले नाही. शेजारची काकू म्हणाली, "अगं, तू कुठंयस ह्याच्यात?"

हा दाणा कागदावर नेणं हेच तुमचं काम. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे (१९५६) मृत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. जमीन अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर असेल आणि नवरा सासऱ्याच्या आधी गेला असेल, तरी त्या मुलाची विधवा आणि लेकरं सासऱ्याची पहिल्या वर्गाचीच वारस असतात. भाऊजी हे सहसा सांगत नाहीत.

आता तलाठ्याकडे. पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात. अर्ज, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) एवढं न्या. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही अर्ज होतो, पण पहिल्या खेपेला समक्ष जा. चौकशी होऊन नावं वारस रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये चढतात, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसते. हे १५ दिवस रोज बघा.

यात दोन अक्षरखुणा ओळखायला शिका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे थोरल्या दिराचं नाव बसलेलं असतं आणि बाकीचे त्याच्या मागे अदृश्य. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आमच्या मावशीचं नाव पहिल्या मसुद्यात आलं होतं, सगळे खूश. मी नीट पाहिलं तर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क. आई" एवढंच. म्हणजे मुलगा सज्ञान झाला की बाई सातबाऱ्यावरून बाहेर. वारस म्हणून तिचं वेगळं नाव लागायला हवं होतं. मंजुरीच्या आधी सापडलं म्हणून तिथल्या तिथे सुधारलं.

कचेरीत तुम्ही बोलू नका. मावशीला आदल्या रात्री गट नंबर पाठ करायला लावला होता. ती म्हणाली, "भाऊसाहेब, माझ्या गटाचं काय झालं?" आणि नंबर सांगितला. तलाठ्याने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीतून बाहेर. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे रद्दी. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा, अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. पण पहिल्याच आठवड्यात हे हत्यार काढू नका, पुढच्या दहा बायकांसाठी त्याच टेबलाशी जायचंय.

पैशाला हात लावू नका. झेरॉक्ससुद्धा तिच्याच पैशाने. तहसीलच्या आवारात एजंट भरपूर आहेत, लोक तुम्हालाही त्यातलेच धरतील. माझं पोट मी संध्याकाळच्या शिकवण्यांवर चालवते आणि ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

एक कागद झाला की बाकीचे आपोआप येतात. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं.

हेरवाडचं उदाहरण सगळे देतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने ४ मे २०२२ ला विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. मीही आल्याआल्या आमच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडला होता. पुरुषांनी हात वर केले, बायका पदराआड गप्प बसल्या. ठराव वहीत आहे. यंदा मी महिला ग्रामसभेत वेगळा विषय घेतला, ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून वारलेल्या माणसांची नावं आहेत त्यांची यादी वाचायची. २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेमुळे तलाठ्यालाही ती हवीच होती. अकरा जणी उठून उभ्या राहिल्या. त्यातल्या चौघी आता एकमेकींसोबत तहसीलला जातात, मला फोन फक्त अडलं की.

तुमच्या गावातही टोळ्या जात असतील तर दिवाळीआधी घरं फिरून घ्या. मुकादमाची गाडी आली की दारांना कुलपं, ती थेट मार्च-एप्रिलात उघडतात. तूर आणि जोंधळ्याचे दाणे मात्र खिशात ठेवाच, वही नंतर.